नामांतराचें मुखत्यारपत्र

सार्वजनिक कोशांतील पानाचें नांव बदलणें ही क्रिया दिसावयास फार क्षुल्लक आहे. मराठी विकिपीडियांत तिला ‘स्थानांतरण’ म्हणतात. जुनें नांव, नवें नांव आणि बदलाचें कारण एवढ्या तीन गोष्टी भरल्या कीं लेख जुन्या पाटीखालून उठतो व नव्या पाटीखालीं जाऊन बसतो; जुन्या जागीं, येणारा वाचक चुकूं नये म्हणून, नव्या जागेकडे बोट दाखविणारें एक ‘पुनर्निर्देशन’ मागें राहतें. आजवर हें काम माणूस करीत असे. आतां कृत्रिम बुद्धीच्या ज्या मुखत्यारांना इंग्रजी वळणानें ‘एजंट’ म्हणतात, त्यांच्या हातीं हेंच काम करण्याचें अवजार देण्यांत आलें आहे. २०२४ च्या नोव्हेंबरांत अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीनें ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नांवाचा एक संकेत जाहीर केला, आणि तेव्हांपासून अशा मुखत्यारांना निरनिराळीं अवजारें जोडून देण्याची एक सोपी रीत पडून गेली. पान वाचण्याचें एक अवजार, लिहिण्याचें दुसरें, नांव बदलण्याचें तिसरें. मालकानें घरबसल्या ‘हीं पानें नीट लावून टाक’ म्हणावें, आणि मुखत्यारानें कोश उघडून, स्वतःच्या मतानें नांवें ठरवून, तीं बदलून मोकळें व्हावें, अशी ही योजना आहे. आमच्या परिचयांतील पुष्कळ सुशिक्षित मंडळी तिचें कौतुक करतात. आम्हांस ती घातक वाटते, आणि मराठीसारख्या भाषेला विशेष घातक वाटते.

यंत्राशीं आमचें वैर नाहीं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजीं सुरू झाला, आणि तेथील मंडळींनीं आपोआप चालणाऱ्या लेखनिकास ‘सांगकाम्या’ असें मोठें मार्मिक नांव दिलें. एका भाषेंतील लेखास इतर भाषांतील त्याच विषयाचे लेख जोडण्याचें कंटाळवाणें काम, २०१३ च्या सुमारास विकिडेटानें तें आपल्याकडे घेईपर्यंत, मुख्यतः या सांगकाम्यांनींच ओढलें. त्यांना कोणीं नांवें ठेवलीं नाहींत. सांगकाम्या सांगितलें तेवढेंच करतो. चूक झाली तर ती सांगणाऱ्याची, हें सर्वांस ठाऊक असतें. नव्या मुखत्याराची गोष्ट निराळी. ‘नांवें एकसारखीं कर’ एवढीच त्याला आज्ञा. कोणत्या नांवासारखीं करावयाचीं, हा निर्णय तो आपल्या अंगावर घेतो. म्हणजे सांगकाम्याचा कारभारी झाला, आणि ही बढती त्याला कोणत्या चावडीवर मिळाली याचा कोठें दाखला नाहीं.

आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतील ग्रामदैवतें, जत्रा व पाणवठे यांविषयीं विकीच्या धर्तीवर एक लहानसा कोश चालविला आहे. त्यांनीं हौसेनें असा एक मुखत्यार कामाला लावला व शीर्षकें शुद्ध आणि एकसारखीं करण्यास सांगितलें. चहाचा पेला संपण्यापूर्वीं काम झालें. अंबाबाईचीं सर्व पानें महालक्ष्मीचीं झालीं. वाडी रत्नागिरीचा जोतिबा ज्योतिबा झाला. आणि प्रत्येक बदलाच्या कारणांत ‘अधिक प्रचलित व प्रमाण रूप’ असा एकच शेरा पडला. अधिक प्रचलित कोठें? महाजालावर. कोल्हापुरांत मंगळवार-शुक्रवारीं देवळाकडे जाणारी बाई ‘अंबाबाईला जाऊन येतें’ असेंच म्हणते. चैत्री यात्रेंत सासनकाठी नाचविणाऱ्या एकाही माणसाच्या तोंडून ‘ज्योतिबा’ हा उच्चार आम्हीं आजवर ऐकलेला नाहीं. महाजालावर मात्र प्रवासी कंपन्या आहेत, हॉटेलें आहेत, महालक्ष्मी एक्सप्रेसचीं वेळापत्रकें आहेत. तेथें ‘महालक्ष्मी’चें पारडें जड भरणारच. मुखत्यारानें तीं पारडीं मोजलीं आणि निकाल दिला.

आणि ही दोन नांवें म्हणजे एकाच वस्तूच्या दोन चिठ्ठ्या असत्या तर आम्हीं लेखणी उचललीही नसती. देवी ही आदिशक्ति अंबाबाई, कीं विष्णुपत्नी महालक्ष्मी, हा कोल्हापुरांतील जुना आणि अद्याप धगधगणारा वाद आहे. नवरात्रांत तिरुपतीच्या देवस्थानाकडून देवीला शालू येतो, त्या शालूवरूनही तो वाद निघतो. ‘महालक्ष्मी’ म्हणणाऱ्यांचेंही शास्त्र आहे, पुराण आहे, माहात्म्य आहे. आम्ही स्वतः अंबाबाई म्हणणारे आहों, परंतु कोशांतील पानास दुसरें नांव मिळालें तरी वाद ऐकून मिळालेलें नांव म्हणून आम्ही तें सोसूं. येथें तर वाद झाला नाहीं. वाद आहे याची वार्तासुद्धां पान बदलणाऱ्यास नव्हती. भाविकांच्या आणि अभ्यासकांच्या दोन पक्षांनीं वर्षानुवर्षें जो प्रश्न मिटूं दिला नाहीं, तो चहा पिऊन होईतों एकाच शेऱ्यानें मिटला.

दुसरें उदाहरण याच गांवचें. शिवाजी विद्यापीठ १९६२ सालीं स्थापन झालें. त्याचें ‘छत्रपती शिवाजी महाराज विद्यापीठ’ असें नामांतर करावें या मागणीसाठीं २०२५ च्या मार्चांत कोल्हापुरांत मोर्चा निघाला, आणि तिला ठाम विरोध कोल्हापुरांतूनच झाला. विरोधकांचें म्हणणें असें कीं लांब नांवाचीं आद्याक्षरें होतात आणि आद्याक्षरांत शिवाजी हें नांवच लुप्त होतें. मुंबईचें ‘सीएसएमटी’ डोळ्यांपुढें आहेच. ज्या राजाच्या गादीचा अभिमान ही नगरी अद्याप बाळगते, त्याचें नांव रोज विद्यार्थ्यांच्या तोंडीं राहावें म्हणूनच तें आंखूड राहूं द्यावें. मागणी करणारांचाही हेतु आदराचाच होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. सांगावयाचें इतकेंच कीं येथें उपपदांचा अभाव ही उणीव नसून जाणून जपलेली गोष्ट आहे. ‘नांवांत एकसूत्रीपणा आण’ अशी आज्ञा मिळालेला मुखत्यार एके ठिकाणीं ‘महाराज’ जोडील, दुसरीकडे ‘छत्रपती’ गाळील, आणि दोन्ही ठिकाणीं नियम पाळल्याचें समाधान नोंदवील.

करवीरच्या इतिहासांत तर पाऊल जपूनच टाकावें लागतें. राजाराम तीन. एक शिवछत्रपतींचे पुत्र, १७०० सालीं सिंहगडावर वारलेले. दुसरे १८७० सालीं इटलींत फ्लॉरेन्स येथें वारलेले, ज्यांचें स्मारक त्या शहरीं अद्याप उभें आहे. तिसरे राजर्षि शाहूंचे पुत्र, १९२२ पासून १९४० पर्यंत गादीवर असलेले. संभाजी दोन, त्यांपैकीं कोल्हापूरच्या संभाजींनीं १७३१ सालीं साताऱ्याच्या शाहूंशीं वारणेचा तह केला. शाहू तर साताऱ्यासही आणि कोल्हापुरासही. या नांवांपुढें कंसांत काय लिहावें, कोणास ‘दुसरे’ म्हणावें व कोणत्या गादीच्या हिशेबानें म्हणावें, याचा निवाडा करतांना इतिहासाचे पदवीधर अडखळतात. हे अडखळणें हाच येथें शहाणपणा होय. मुखत्यार अडखळत नाहीं.

आतां कोणी म्हणेल, सरकारी राजपत्र हा तरी निर्विवाद आधार आहे ना? यंत्रानें राजपत्र पाहावें व नांव बदलावें. पाहूं. कर्नाटक सरकारनें १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगांवचें ‘बेळगावी’ आणि विजापूरचें ‘विजयपुर’ केलें. राजपत्राच्या दृष्टीनें प्रश्न संपला. परंतु मराठी भाषेंत त्या शहराचें नांव बेळगांव आहे, आणि २००४ सालीं महाराष्ट्रानें सीमाभागासाठीं सर्वोच्च न्यायालयांत जो दावा लावला तो याच नांवाच्या माणसांसाठीं. मराठींत इंदूर आहे, ग्वाल्हेर आहे, बडोदें आहे, तंजावर आहे. हीं नांवें आपले लोक तेथें जाऊन राहिले, त्यांनीं राज्यें केलीं, त्याची भाषेंतील खूण आहे. राजपत्रावर चालणारा मुखत्यार एका रात्रींत इंदूरचें इंदौर आणि तंजावरचें तंजावूर करील, आणि नियमानें पाहतां त्याचें कांहींच चुकलें नाहीं असें ठरेल.

उलट बाजूचें पाहा. औरंगाबादच्या ‘छत्रपती संभाजीनगर’ आणि उस्मानाबादच्या ‘धाराशिव’ या नांवांना केंद्र सरकारनें २०२३ च्या फेब्रुवारींत संमति दिली, उच्च न्यायालयानें २०२४ च्या मे महिन्यांत त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, व त्याच वर्षीं अहमदनगरचें ‘अहिल्यानगर’ झालें. शहरांचीं पानें नव्या नांवांवर गेलीं पाहिजेत, याविषयीं वाद नको. परंतु जिल्हा, शहर, किल्ला, लेणीं, सुलतानी, लढाया अशीं कितीएक पानें त्या एका शब्दाभोंवतीं असतात. तीं सारीं एका झटक्यांत फिरविलीं तर ‘अहिल्यानगरची निजामशाही’ असें एक पान निर्माण होईल. म्हणजे १६३६ सालीं बुडालेल्या निजामशाहीस, तिच्या अंतानंतर ८९ वर्षांनीं जन्मलेल्या अहिल्यादेवींचें नांव! हा विनोद म्हणून आम्ही लिहीत आहों, पण कोणा शाळकरी मुलाच्या निबंधांत तो उद्यां गंभीरपणें उतरेल.

या योजनेच्या कैवाऱ्यांचें हुकमी उत्तर असें कीं, ‘एवढें कां रागावतां? स्थानांतरण परत फिरवितां येतें, इतिहास शाबूत राहतो, नोंद राहते.’ हें खरें आहे, आणि यावरच सारा भरंवसा असेल तर तो कोणाच्या जिवावर आहे तेंही पाहिलें पाहिजे. परत फिरविण्यास प्रथम कोणाच्या तरी लक्षांत आलें पाहिजे. इंग्रजी विकिपीडियावर पहारा जागता आहे. तेथेंदेखील २००४ च्या सुमारास ‘विली ऑन व्हील्स’ म्हणविणाऱ्या एका खोडकरानें पानामागून पानांच्या नांवांस ‘चाकांवर’ अशा अर्थाचें शेपूट जोडून धुमाकूळ घातला होता. आज तेथें नवख्या सदस्यास चार दिवस व दहा संपादनें झाल्याखेरीज पान हलवितां येत नाहीं; नांव बदलणें हें लिहिण्यापेक्षां जोखमीचें काम आहे हें त्या लोकांनीं असें अंगावर घेऊन ओळखलें. त्या बिचाऱ्या विलीची खोडी निदान डोळ्यांत भरत होती. ‘अधिक प्रचलित व प्रमाण रूप’ हा शेरा कोणाच्या डोळ्यांत भरणार? मराठीच्या पहाऱ्यावर मूठभर मंडळी, तीही नोकरीधंदा सांभाळून रात्रीं बसणारीं. एक मुखत्यार घटकाभरांत जें करील तें निस्तरावयास त्यांना महिना लागेल, आणि महिनाभर तीं नवें कांहीं लिहिणार नाहींत.

शिवाय परत फिरविणें म्हणावें तितकें सरळही नाहीं. पान दोनदां हललें कीं पाटीवरून पाटीकडे अशी सांखळी होते, आणि वाचक पहिल्या पाटीवरून दुसऱ्या पाटीपर्यंत जाऊन तेथेंच अडकतो; तिसरीकडे तो आपोआप पोंचत नाहीं. मागें पाटी मुळींच न ठेवतां पान हलविण्याचीही सोय आहे, व ती प्रचालकांस आणि सांगकाम्यांस दिलेली असते. तसें झालें तर बाहेरच्या पुस्तकांत आणि प्रबंधांत दिलेले पत्ते तुटतात. सर्वांत वाईट गोष्ट मात्र कोशाच्या बाहेर घडते. विकिपीडियांतील नांवें शोधयंत्रें उचलतात, इतर संकेतस्थळें उचलतात, आणि ज्या भाषाप्रतिमानांतून हे मुखत्यार जन्मास येतात, तींही तेथेंच मराठी शिकतात. आज मुखत्यारानें जोतिबाचा ज्योतिबा केला कीं उद्यांचा मुखत्यार त्याच पानाचा दाखला देऊन ‘ज्योतिबा हेंच प्रचलित रूप’ असें म्हणणार. आपणच खोटा दाखला द्यावा, आणि आपणच तो पुराव्यांत दाखल करावा! महात्मा फुले आपलें नांव ‘जोतीराव’ असें लिहीत. त्यांच्या नांवाचें सोंवळें ‘ज्योतिबा’ हें रूप किती पसरलें आहे तें वाचकांस ठाऊकच आहे. तें काम यंत्रें नसतांना माणसांनींच केलें; यंत्र तें सहस्रपट वेगानें करील.

कायद्याच्या भाषेंत हा प्रश्न जुनाच आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचें १९० वें कलम मुखत्यारास असें बजावतें कीं जें काम त्यानें स्वतः करण्याचें पत्करलें, तें त्यानें दुसऱ्या मुखत्याराकडून करवूं नये. धंद्याच्या रूढीनें अथवा कामाच्या स्वरूपानेंच तशी गरज असेल तेवढाच अपवाद. कोशांतील संपादक हा वाचकसमाजाचा मुखत्यार आहे. पान हलविण्याचा अधिकार त्याला मिळतो तो त्याचें कांहीं दिवसांचें वर्तन पाहून, त्याच्या विवेकावर विश्वास ठेवून. तो विवेक त्यानें तिसऱ्याकडे परस्पर पोंचता करावा, आणि नोंदींत मात्र स्वतःचें नांव येऊं द्यावें, हा व्यवहार सावकारीच्या पेढीवर खपणार नाहीं. ज्ञानकोशांत कां खपावा? आणि विचारलें तर उत्तर तयार असतें: ‘मीं नाहीं केलें, यंत्रानें केलें.’ यंत्रास विचारावें तर तें तत्काळ क्षमा मागतें, आणि पुढच्या पानावर तेंच करतें.

नामांतराला आमचा सरसकट विरोध आहे असा समज कोणी करून घेऊं नये. मराठीच्या इतिहासांतील सर्वांत मोठें नामांतर शिवछत्रपतींच्या आज्ञेनें झालें. रघुनाथपंत हणमंते यांच्या नांवाशीं निगडित असलेल्या राज्यव्यवहारकोशांत राज्यकारभारांतील फारशी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यांतले कांहीं लोकांनीं उचलले, कांहीं तसेच पोथींत राहिले. ‘तारीख’ आणि ‘हुकूम’ अद्याप आपल्या घरांत नांदतात. आज्ञा कोणाची व हेतु काय, हें साडेतीनशें वर्षांनंतरही सांगतां येतें. अलीकडचें उदाहरण कोल्हापूरच्याच राजाराम कॉलेजांतलें. माधव जूलियन, म्हणजे प्रा. माधवराव पटवर्धन, तेथें फारशी शिकवीत. त्यांनीं १९२५ सालीं फारशी-मराठी कोश केला, आणि तेच पुढें फारशी-अरबी शब्द मराठींतून काढावे या पक्षास मिळाले व १९३८ सालीं ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून बसले. त्यांचें मतांतर पुष्कळांस पटलें नाहीं, आम्हांसही पटत नाहीं. परंतु त्यांनीं कारणें दिलीं, तीं छापलीं, त्यांवर लोक तुटून पडले, त्यांनीं उत्तरें दिलीं. त्यांच्याशीं भांडतां येत होतें. ज्याच्याशीं भांडतां येतें त्याच्याच हातीं नांवें द्यावींत, एवढाच आमचा आग्रह आहे.

लहान भाषांचें काय होतें तें नुकतेंच दिसलें आहे. २०२० सालीं असें उघडकीस आलें कीं स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियांतील हजारों लेख ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन मुलानें लिहिले होते. त्याचा हेतु वाईट नव्हता. पाहणारें कोणी नव्हतें. ग्रीनलंडच्या भाषेंतील विकिपीडियांत यंत्रानें केलेल्या मोडक्यातोडक्या मजकुराची इतकी भर पडली कीं २०२५ सालीं तो बंद करण्याचाच निर्णय झाला. मराठी बोलणारे कोट्यवधि आहेत, तिची गति तशी होणार नाहीं, असें म्हणून स्वस्थ बसणारांस आम्ही विचारतों: त्या कोट्यवधींपैकीं शेवटचें चर्चापान तुम्हीं कधीं उघडलें? आमच्या वर्गांत हा प्रश्न विचारला असतां बहुतेक मुलांना चर्चापान म्हणून कांहीं असतें हेंच ठाऊक नव्हतें.

करावयाचें फार नाहीं. मुखत्यारास दिलेल्या अवजारांच्या यादींतून नांव बदलण्याचें तेवढें अवजार काढून घ्यावें. वाचण्याचें व सुचविण्याचें राहूं द्यावें. शीर्षकांतील ऱ्हस्वदीर्घाच्या चुका शोधण्यांत तो तरबेज आहे, त्याची यादी त्यानें खुशाल करावी. ती यादी चावडीवर टांगावी, प्रत्येक नांवापुढें सुचविणाऱ्या माणसाची सही असावी, आणि सात दिवस कोणीं हरकत घेतली नाहीं तर त्याच माणसानें स्वतःच्या हातानें पान हलवावें. सांगली जिल्ह्यांतील इस्लामपूरचें नांव ‘ईश्वरपूर’ करण्याचा निर्णय २०२५ च्या जुलैमध्यें विधानसभेंत जाहीर झाला. त्या गांवाभोंवतालचीं जितकीं पानें असतील, त्यांपैकीं कोणतीं हलवावींत आणि कोणतीं जुन्याच नांवानें राहूं द्यावींत, याची पहिली यादी तेथल्याच कोणीं शिक्षकानें किंवा ग्रंथपालानें करून चावडीवर मांडावी. हरकती घ्यावयास आम्ही येऊं.